थोपवून धरलेले तंतू

विदर्भात किंवा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेलची तपासणी शिबिरं भरतात, तेव्हा पहिली चाचणी फार साधी असते. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. बोटातून काढलेलं थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं होतं आणि द्रावणातलं एक रसायन त्याच्याकडचा ऑक्सिजन काढून घेतं. काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निकाल निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर रक्त पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसाठी पाठवायचं. कारण एएस पॅटर्न म्हणजे वाहक आणि एसएस पॅटर्न म्हणजे रुग्ण, हा फरक नुसत्या गढूळपणावरून कळत नाही.

हा गढूळपणा तंतूंचा असतो. ऑक्सिजन गमावलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचे ताठ, लांबच लांब तंतू होतात. एका तंतूत चौदा पदर असतात आणि त्याची जाडी असते साधारण 21 नॅनोमीटर. एरवी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी ही गोष्ट खेड्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात नुसत्या डोळ्यांना कळते. हेच तंतू रुग्णाच्या शरीरात तांबड्या पेशीच्या आत वाढतात, तिला विळ्यासारखा आकार देतात, ताठ करतात, आणि मग ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

हा आकार शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये नोंदवला. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवलं, आणि काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी तो नेमका कुठे आहे हेही शोधलं. बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. विद्युतभार असलेल्या, पाण्यात रमणाऱ्या घटकाच्या जागी पाण्याला टाळणारा घटक येतो. ऑक्सिजन गेला की तो शेजारच्या रेणूवरच्या एका खोबणीत बसतो. एवढ्या एका बदलानं माणसाचं आयुष्य वेदनेत जातं.

ही गोष्ट आपण नेहमी ‘एवढ्याशा चुकीनं केवढा अनर्थ’ अशा सुरात सांगतो. मला मात्र ती उलट्या बाजूनं पाहावीशी वाटते. एका अमिनो आम्लाच्या बदलानं रेणूंचे तंतू होत असतील, तर पेशीतल्या बाकीच्या हजारो प्रथिनांचे तंतू का होत नाहीत? पेशीच्या आत प्रथिनांची प्रचंड दाटी असते. सतत धक्के, सतत टकरा. अशा ठिकाणी चिकटणं सोपं आणि सुटं राहणं अवघड असतं. माझं म्हणणं असं, की प्रथिनाला तंतू होणं सहज जमतं. पेशीचं खरं कसब तो भलत्या वेळी, भलत्या जागी होऊ न देण्यात आहे, आणि झालेला तंतू मोडता येण्यात आहे. ही दृष्टी घेतली, तर पेशीचा निरोगी सांगाडा आणि रोगातले तंतू हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

तंतू होणं सहज का, याचं उत्तर भूमितीत आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एच. आर. क्रेन यांनी 1950 मध्ये एक साधा विचार मांडला. एकाच घडणीचे तुकडे घ्या, प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्याला त्याच जागी आणि त्याच कोनात जोडत जा. जोडणी स्वतःवरच वळून बंद झाली नाही, तर हाती सर्वसाधारणपणे मळसूत्रच येतं. त्यासाठी नकाशा लागत नाही, गवंडी लागत नाही. एक चिकट जागा आणि तिला साजेशी दुसरी जागा, एवढं पुरतं. त्यातही अनेक प्रथिनं सममित गटांनी राहतात, हिमोग्लोबिन त्यांपैकीच. सममिती असली की एका बदलानं चिकट जागा एकदाच तयार होत नाही, दोनदा, चारदा तयार होते आणि रेणूला दोन्ही बाजूंनी शेजारी मिळतात.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये हे तपासूनच पाहिलं. त्यांनी एरवी सुटी राहणारी बारा सममित प्रथिनं निवडली आणि त्यांच्या पृष्ठभागावर मोजकेच बदल केले. पाणी टाळणारी अमिनो आम्लं बसवली. बाराच्या बारा प्रथिनांपासून तंतूंसारख्या किंवा त्याहून मोठ्या रचना तयार झाल्या. म्हणजे ही प्रथिनं उत्क्रांतीत कड्याच्या टोकाशीच उभी आहेत. सिकलसेलचा बदल विचित्र अपघात मानायला मग जागा राहत नाही.

निरोगी पेशी ज्या प्रथिनांचे तंतू मुद्दाम करते, त्यांच्याकडे आता पाहू. ॲक्टिन हे त्यांतलं सर्वांत परिचित. हंगेरीतल्या सेगेद इथे, सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, ब्रुनो स्ट्राउब यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते स्नायूंतून वेगळं केलं. पुढे जपानच्या नागोया विद्यापीठात फुमिओ ओसावा यांनी दाखवलं, की ॲक्टिनचे सुटे रेणू एका ठरावीक तीव्रतेपर्यंत सुटेच राहतात. ती ओलांडली की जास्तीचे सगळे तंतूंत जातात. वाफेचं पाणी व्हावं तसाच हा प्रकार. खडीसाखर करणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं: पाक कितीही दाट असला तरी स्फटिकाला धरायला काहीतरी लागतं, म्हणून पाकात दोरा सोडायचा. प्रथिनांतही सुरुवातीचे दोन-तीन रेणू एकत्र टिकणं हीच खरी अडचण असते. बीज धरलं की पुढची वाढ वेगानं होते.

शुद्ध ॲक्टिनला तंतू व्हायला फार थोडी तीव्रता पुरते. पेशीत तर सुटं ॲक्टिन तिच्या शेकडो पट असतं. नुसत्या रसायनशास्त्राच्या नियमानं ते सगळं क्षणात तंतू होऊन पेशी आतून गच्च व्हायला हवी. तसं होत नाही, कारण पेशी त्याला धरून ठेवते. थायमोसिन बीटा-4 नावाचं छोटं प्रथिन ॲक्टिनच्या रेणूला बिलगून त्याला अडवतं. प्रोफिलिन त्याला नवं बीज धरू देत नाही, पण आधीच असलेल्या तंतूच्या टोकाला मात्र जोडू देतं. टोपीसारखी प्रथिनं तंतूंची वाढती टोकं बंद करतात. कोफिलिन जुने तंतू तोडतं. नवा तंतू सुरू करायचा परवाना एआरपी 2/3 किंवा फॉर्मिन अशा मोजक्यांकडेच, आणि त्यांनाही हुकूम यावा लागतो. ॲक्टिनवर काम करणाऱ्या प्रथिनांची यादी काढली, तर तिचा मोठा भाग थांबवणाऱ्यांचा, तोडणाऱ्यांचा आणि सुरुवातीवर पहारा ठेवणाऱ्यांचा निघतो.

या साठ्याचा उपयोग पाहायचा तर रक्तातल्या प्लेटलेट्सकडे पाहावं. शांत प्लेटलेट चपटी, गोलसर असते आणि तिच्यातलं निम्म्याहून अधिक ॲक्टिन सुटं, अडवलेलं असतं. जखमेची खबर लागली की काही सेकंदांत पहारा उठतो, तंतू उभे राहतात, प्लेटलेटला काटे फुटतात आणि ती जखमेवर पसरते. गरज पडल्यावर प्रथिन बनवायला घेतलं असतं, तर रक्त थांबलं नसतं.

हा पहारा किती मोलाचा आहे, हे रोगजंतूंनाही कळलेलं दिसतं. लिस्टेरिया हा जिवाणू आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या अंगावर एकच प्रथिन मिरवतो, ॲक्ट-ए. ते पेशीच्या एआरपी 2/3 ला खोटा हुकूम देतं. जिवाणूच्या मागे ॲक्टिनचे तंतू फुटू लागतात आणि त्यांच्या रेट्यानं तो पेशीभर धावतो, शेजारच्या पेशीतही घुसतो. ॲक्टिन पेशीचं, ऊर्जा पेशीची. जिवाणूनं चोरला तो फक्त सुरुवातीचा परवाना.

दुसरं उदाहरण सूक्ष्मनलिकांचं. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या, बहुधा तेरा पदरांच्या, 25 नॅनोमीटर जाडीच्या या नळ्या. 1984 मध्ये टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी त्यांच्याबद्दल जे दाखवलं, ते मला विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राच्या सुंदर शोधांपैकी एक वाटतं. एकाच द्रावणात, एकाच वेळी, काही नळ्या संथपणे वाढत असतात आणि काही कोसळत असतात. कोसळणारी नळी सावरून पुन्हा वाढूही लागते. याचं कारण असं, की ट्युब्युलिनचा प्रत्येक रेणू जीटीपी हे इंधन घेऊन नळीत शिरतो आणि आत शिरल्यावर ते खर्च करतो. इंधन खर्च झालेल्या रेणूला वाकायचं असतं, पण शेजाऱ्यांनी त्याला सरळ दाबून धरलेलं असतं. टोकाशी ताजे, इंधन असलेले रेणू आहेत तोवर नळी टिकते. ते संपले की ती सालं सुटल्यासारखी उलगडत जाते. पेशी जी ऊर्जा खर्च करते, ती नळी मोडता यावी यासाठी.

एवढा खर्च कशाला? पेशी विभागताना गुणसूत्रं कुठे आहेत, हे नळ्यांना आधी माहीत नसतं. नळ्या सगळीकडे वाढतात, कोसळतात, पुन्हा दुसरीकडे वाढतात. ज्या नळीला गुणसूत्राचा पकडबिंदू सापडतो ती टिकते, बाकीच्या जातात. कायम टिकणाऱ्या नळ्यांना हा शोध घेता आला नसता.

मोडता येणं किती आवश्यक आहे, याचा पुरावा औषधांच्या कपाटात आहे. कोकण-सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं; ते ट्युब्युलिनला धरतं आणि नळी होऊ देत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिनही नळ्या बनू देत नाही, म्हणून ते मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. शाळेत जंतनाशक म्हणून दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी कृमींचं ट्युब्युलिन पकडते. शेतकऱ्याला बाविस्टीन या नावानं ठाऊक असलेलं कार्बेन्डाझिम बुरशीचं ट्युब्युलिन पकडतं, आणि सोयाबीन-कांद्यात तण उगवण्याआधी फवारलं जाणारं पेंडीमिथॅलिन तणाचं. रोगी मूल, जंत, बुरशी, तण, सगळीकडे मारा एकाच तंतूवर. इथवर गोष्ट सरळ आहे: नळी होऊ दिली नाही, तर पेशी विभागत नाही.

पण 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनं टॅक्सॉल नेमकं उलटं करतं हे दाखवलं. यू वृक्षाच्या सालीतून मिळालेलं हे द्रव्य नळ्यांना पक्कं करतं. त्या कोसळूच शकत नाहीत. नळ्या भरपूर, मजबूत, आणि तरीही पेशीची विभागणी बिघडते आणि ती मरते. स्तनाच्या कर्करोगात हेच औषध वर्षानुवर्षं वापरात आहे. पेशीच्या तंतूंना घराच्या खांब-तुळयांसारखं मानणाऱ्याला टॅक्सॉलचं कोडं सुटत नाही. खांब पक्के केल्यानं घर पडत नाही.

इथे कुणी रास्त आक्षेप घेईल. केराटिनचं काय? आपली त्वचा, केस, नखं टिकाऊ तंतूंवरच उभी आहेत. त्वचेतल्या केराटिनमध्ये दोष असलेल्या मुलांच्या अंगावर नुसत्या घासण्यानं फोड येतात. चेतापेशींच्या लांब शाखांतले तंतूही दीर्घकाळ टिकतात. आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतो: जिथे ताण सोसायचा आहे तिथे पेशी टिकाऊ तंतूच निवडते. तरीही, केस आणि नखं ही मेलेल्या पेशींची बनलेली असतात, आणि पेशीकेंद्राला आतून अस्तर देणारं लॅमिनचं जाळं विभागणीच्या वेळी मोडावंच लागतं. जिवंत, विभागणाऱ्या पेशीत टिकाऊपणालाही मुदत असते.

जिवाणूंना असा सांगाडा नसतो, असं 1990 पर्यंत पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असे. मग एफटीएसझेड हे ट्युब्युलिनचं भावंड आणि एमआरईबी हे ॲक्टिनचं भावंड जिवाणूंत सापडलं. विकरांचेही तंतू होतात. सीटीपी सिंथेज या विकराचे तंतू 2010 मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना जिवाणू, यीस्ट आणि फळमाशीत दिसले. ई. कोलाय जिवाणूत तंतूत गेलेलं हे विकर काम थांबवतं, माणसात तंतूतलं विकर उलट कामाला लागतं. उत्क्रांतीला आयती मिळालेली ही रचना तिनं गरजेप्रमाणे वापरली.

अमायलॉइड हा शब्द ऐकला की आपल्याला अल्झायमर आठवतो. मेंदूत साचणारे टाऊ आणि बीटा-अमायलॉइडचे तंतू खरोखर भीषण आहेत. पण अमायलॉइड म्हणजे रोगच, हा समज 2009 मध्ये डळमळला. सध्या पवईच्या आयआयटीत असलेले समीर माजी आणि स्वित्झर्लंडमधले रोलंड रीक यांनी दाखवलं, की पीयूषिका ग्रंथी अनेक संप्रेरकं अमायलॉइडच्याच रूपात साठवते. बाहेर सोडल्यावर ती विरघळून कामाला लागतात. तीच घडण एका ठिकाणी कोठार होते आणि दुसऱ्या ठिकाणी रोग. सुरुवात कुठे होते आणि मोडण्याची वाट शिल्लक आहे की नाही, यावर ते ठरतं.

यातून उपचारांबद्दल एक ठाम मत निघतं: जमलेले तंतू उपसण्यापेक्षा त्यांची सुरुवात अडवणं जास्त फळतं. अल्झायमरवरचं लेकानेमॅब हे प्रतिपिंड मेंदूतलं अमायलॉइड खरोखर कमी करतं, पण दीड वर्षात घसरण फक्त 27 टक्क्यांनी मंदावली. याउलट ट्रान्सथायरेटिनचं उदाहरण घ्या. हे प्रथिन चार-चारच्या गटात राहतं. गट फुटला की सुटे तुकडे हृदयात अमायलॉइड होऊन साचतात. टॅफामिडिस हे औषध झालेल्या तंतूंना हातही लावत नाही, गट फुटू नये एवढंच पाहतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अडीच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 42.9 टक्के होतं, औषध घेणाऱ्यांत 29.5 टक्के. हे दोन रोग आणि दोन अवयव वेगळे आहेत, त्यांची थेट बरोबरी करता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

सिकलसेलमध्ये ही दिशा सर्वांत लख्ख दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी 1970 च्या दशकात मोजून दाखवलं, की ऑक्सिजन काढल्यावर हिमोग्लोबिनचे तंतू लगेच होत नाहीत. मध्ये काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं गोठतं. ही उसंत हिमोग्लोबिनच्या तीव्रतेवर विलक्षण अवलंबून असते, त्यांच्या मोजणीत सुमारे तिसाव्या घातानं. म्हणजे तीव्रता पाच टक्क्यांनी उतरली, तर उसंत चौपटीहून जास्त वाढते. आता पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते आणि पुढे फुप्फुसांत पोहोचून तिला ऑक्सिजन मिळतो. उसंत तेवढ्याहून लांबली, तर तंतू होण्याआधी पेशी निसटते. रुग्णाच्या बहुतेक तांबड्या पेशी शरीरात फिरताना विळ्यासारख्या होत नाहीत, त्या याच कारणानं. वाहकांत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधं असतं, म्हणून त्यांना एरवी त्रास होत नाही.

‘भरपूर पाणी पी, थंडीत भिजू नकोस, ताप अंगावर काढू नकोस’ हे सल्ले आशाताई देतात, तेव्हा त्यांच्यामागे हे गणित उभं असतं. शरीरातलं पाणी घटलं की पेशी आकसते, तीव्रता वाढते आणि उसंत आखडते. थंडीनं रक्तवाहिन्या आवळल्या की पेशीचा प्रवास लांबतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही हेच करते: गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, ते तंतूत सामील होत नाही आणि उसंत लांबते. 1995 च्या अमेरिकन चाचणीत या गोळीनं वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. 2023 च्या अखेरीस मंजूर झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही हेच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, पण अमेरिकेत तिची किंमत 22 लाख डॉलर आहे. गोळी स्वस्त आहे आणि आपल्याकडे बनते.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. तपासणी हवीच. पण तपासणीनं आधीच जन्मलेल्या एसएस पॅटर्नच्या मुलाची उसंत एका क्षणानंही वाढत नाही. ती वाढते गोळीनं, पाण्यानं, वेळेवर उतरवलेल्या तापानं. ‘गोळी रोज का घ्यायची, आज तर काही दुखत नाही,’ असं पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, तर तिला उत्तर मिळायला हवं: दुखत नाही तेव्हाच गोळी काम करत असते, कारण तंतूची सुरुवात अडवायची असते.

आपल्या शिक्षणात हे उत्तर दोन तुकड्यांत विखुरलेलं आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात पेशीच्या सांगाड्याला एक छोटा परिच्छेद मिळतो, तोही आधार, हालचाल आणि आकार यांसाठीची जाळी म्हणून. बारावीत सिकलसेल येतो, तो आनुवंशिकतेच्या धड्यात, सहाव्या जागेच्या बदलासकट. दोन्हींत तंतूच आहेत, पण हे विद्यार्थ्याला कुणी जोडून दाखवत नाही. गडचिरोली, नंदुरबार, गोंदिया, मेळघाट इथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की बारावीचा तो धडा शिकवताना अकरावीचा परिच्छेद पुन्हा उघडा आणि फळ्यावर त्या उसंतीचं गणित मांडा. आणि आरोग्य खात्याला मागणी एवढीच, की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया आणि ती घेणाऱ्यांच्या रक्ततपासणीची सोय बारा महिने असावी. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला गोळीसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागू नये.